पाच गुंठ्यांतली घरची फळबाग: आखणी, खड्डे, लागवड आणि पहिली तीन वर्षं

दीड फुटाचं केसर आंब्याचं कलम आणि दीड फुटाचं डाळिंबाचं रोप गाडीच्या डिकीत शेजारी शेजारी मावतात. दहा वर्षांनी केसरला वीस-पंचवीस फुटांचा घेर लागतो, डाळिंब आठ-दहा फुटांवर थांबतं. घरच्या बागा बहुतेक इथेच बिघडतात. लावताना मोकळी दिसणारी जागा माणसाला सहन होत नाही. मग दर सहा फुटांवर एक झाड येतं, सातव्या वर्षी सगळी झाडं उजेडासाठी उंच पळतात, फळं शेंड्याला धरतात आणि खाली सावलीत पिठ्या ढेकूण. म्हणून झाडं आधी कागदावर लावायची, आणि तीही मोठी झालेली.

इथे देशावरचा पाच गुंठ्यांचा तुकडा धरला आहे. पुणे, सातारा, नगर, नाशिक या पट्ट्यात जमीन मध्यम ते मुरमाड आणि पाऊस बेताचा असतो, त्या हिशेबाने. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, पाच गुंठे ५४४५. पूर्व-पश्चिम ९९ फूट आणि दक्षिण-उत्तर ५५ फूट असा आयत घेतला की बरोबर पाच गुंठे भरतात. कोकणात आणि काळ्या जमिनीत काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी येईल.

आधी मे महिन्याचं पाणी मोजा

किती झाडं लावायची हे जागा ठरवत नाही, मे महिन्यातली विहीर किंवा बोअर ठरवते. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला दिवसाआड १२ ते १५ लिटर लागतात. सोळा झाडांना रोजची सरासरी शंभर-सव्वाशे लिटर, एवढं कुठलंही घर देऊ शकतं. अडचण पुढे येते. पाचव्या वर्षी झाडाचा घेर दहा फूट रुंद झाला, की सावलीचं क्षेत्र साधारण सात चौरस मीटर भरतं. देशावर कडक उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन होतं आणि एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. त्याच्या सत्तर टक्के धरले तरी झाडामागे रोज चाळीस लिटर होतात. सीताफळासारखी कमी पाण्यावर निभावणारी झाडं वगळली, तरी सोळा झाडांना पाचशे-सहाशे लिटर रोज हवेत. मेमध्ये टँकर मागवावा लागणाऱ्या गावात सोळाऐवजी आठच लावा, आणि त्यातही सीताफळ, बोर, आवळा, चिंच यांना झुकतं माप द्या.

दुसरी चाचणी निचऱ्याची. दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनीही उभं असेल, तर त्या जागी डाळिंब, लिंबू आणि पपई जगणार नाहीत. मातीची तपासणीही करून घ्या, पण नुसता सामू (पीएच) बघून थांबू नका. मुक्त चुनखडीचं प्रमाण लिहून मागा. ते दहा टक्क्यांच्या वर गेलं, तर लिंबूवर्गीय झाडांची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत राहतात आणि लोहाची कितीही फवारणी केली तरी तात्पुरताच फरक पडतो.

काय लावायचं: बारा महिने समोर ठेवून

विक्रीच्या बागेत सगळा माल एकदम यावा लागतो. घरच्या बागेत नेमकं उलट. दोनशे डाळिंबं एका आठवड्यात तयार झाली की अर्धी वाटावी लागतात. तेव्हा कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकापुढे एखादं फळ बसवा. देशावर हा मेळ असा बसतो: नोव्हेंबर ते जानेवारी पेरू, फेब्रुवारी-मार्चला रामफळ आणि हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचं, डाळिंब, मार्च-एप्रिलला अंजीर, मे अखेर ते जून केसर, जूनमध्ये जांभूळ, जून अखेर ते जुलै आम्रपाली, सप्टेंबर ते नोव्हेंबर सीताफळ. चिकू हिवाळ्याच्या शेवटी आणि पुन्हा उन्हाळ्यात असा दोनदा येतो. लिंबू बारमाही असतं, फक्त उन्हाळ्यात, नेमकं हवं तेव्हा, कमी. जुलै-ऑगस्टचं खिंडार केळी आणि पपई बुजवतात.

हापूसचा मोह देशावर आवरावा. झाड वाढतं, पण कोकणातली चव उतरत नाही, आणि हापूस एक वर्षाआड फळतो. केसर इथे भरवशाचा. दुसरा आंबा आम्रपाली घ्या. दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली ही बुटकी जात दरवर्षी फळते आणि छाटणीने दहा फुटांत राहते. आंब्याच्या बऱ्याच जातींना स्वतःच्याच परागाने फळ नीट धरत नाही. म्हणून एकाच जातीची दोन झाडं लावण्यापेक्षा दोन जातींची एकेक लावावी. आवळ्याचंही तसंच, एकट्या आवळ्याला फुलं भरपूर आणि फळं मोजकी.

पेरूत एक सरदार, म्हणजे गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात निवडलेला लखनौ-४९, आणि एक गुलाबी गराचा ललित. चिकू कालीपत्ती, डाळिंब भगवा, सीताफळ बाळानगर किंवा फुले पुरंदर, लिंबू साई सरबती किंवा फुले सरबती, जांभूळ कोकण बहाडोली. जांभळाचं कलमच घ्या. बियांचं झाड चाळीस फूट जातं आणि फळायला आठ-दहा वर्षं घेतं. आणि ते गाडी उभी करायच्या जागेपासून लांब लावा, डाग जात नाहीत.

कोकणात यादीच वेगळी: नारळ, सुपारी, हापूस आणि रत्ना आंबा, फणस, काजू, कोकम. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत निम्मी नर निघू शकतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून कोकण अमृतासारख्या जातीचं मादी कलम आणि परागासाठी आसपास एखादं नर झाड, असंच लावावं.

कागदावरची आखणी

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या उत्तरेला पडतात. म्हणून उंच झाडं उत्तरेला, बुटकी दक्षिणेला.

उत्तर कुंपणापासून १२ फुटांवर पहिली ओळ. तीत २४ फुटांवर चार झाडं: जांभूळ, केसर, चिकू, आणि चौथ्या जागी केसरच्या जोडीला आणखी एखादी आंब्याची जात किंवा नारळ. तिथून १८ फूट सोडून दुसरी ओळ, तीतही १८ फुटांवर पाच झाडं: सरदार, ललित, लिंबू, रामफळ, आम्रपाली. त्यापुढे १५ फुटांवर तिसरी ओळ, १२ फुटांवर आठ जागा: तीन सीताफळं, दोन डाळिंबं, एक अंजीर, एक तुती, आणि आठवी जागा रिकामी. ती पालापाचोळा कुजवायच्या खड्ड्याची. ही जागा आधी राखली नाही, तर पुढे ती कुठेच मिळत नाही. झाली सोळा झाडं.

पहिली चार-पाच वर्षं ओळींमधली जागा मोकळीच दिसेल. तिथे पपई आणि केळी लावा, पण उपरे म्हणून. पाचव्या वर्षी ती काढायचीच. केळीला न्हाणीचं पाणी चालतं, लिंबाला साबणाचं पाणी मुळीच देऊ नका. जमीन हलकी असेल तर पहिले दोन पावसाळे ताग किंवा चवळी पेरून फुलोऱ्यात गाडलेली त्याहून बरी. ओळींमध्ये ज्वारी, मका किंवा ऊस मात्र नको, ही पिकं रोपांच्या तोंडचं पाणी पितात.

मोठी झाडं घराच्या भिंतीपासून वीस फूट आणि मैलाटाकीपासून निदान पंधरा फूट लांब ठेवा. विजेच्या तारांखाली नारळ किंवा जांभूळ नको. महापालिका-नगरपालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे चुकीच्या जागी वाढलेलं झाड तोडायलाही परवानगी लागते, हे लावताना लक्षात असलेलं बरं. कुंपणाला तीन-तीन फुटांवर करवंद लावली की काटेरी जाळी होते, शेळ्या थांबतात आणि लोणच्याला करवंदंही मिळतात.

जमिनीवर आखताना पहिली ओळ दोरीने सरळ धरा. काटकोनासाठी १५, २० आणि २५ फुटांचा त्रिकोण धरला की गुण्या आपोआप मिळतो. फक्कीने खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर खुंटी.

खड्डे

एप्रिल-मेमध्ये खणावेत, म्हणजे निदान तीन आठवडे ऊन लागतं आणि किडींचे कोष, बुरशी बरीचशी मरते. आंबा, चिकू, जांभळाला तीन फूट लांब, रुंद, खोल. बाकीच्यांना दोन फूट. खणताना वरची एक फूट माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरचीच माती घ्यायची. मुरूम बाहेर पसरून द्यावा आणि कमी पडली तर चांगली पोयटा माती आणावी.

तळाशी अर्धा फूट वाळलेला पालापाचोळा, त्यावर माती आणि शेणखत एकत्र करून. मोठ्या खड्ड्याला पाच घमेली शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, दोन किलो निंबोळी पेंड. लहानाला तीन घमेली, एक किलो, एक किलो. सोळा खड्ड्यांना मिळून साधारण साठ घमेली खत, आणि सुपर फॉस्फेट व पेंड प्रत्येकी वीस किलो. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), खड्ड्याला ५० ग्रॅम या हिशेबाने, आठवडाभर आधी मिसळून सावलीत ओलसर ठेवावं. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. मुठीत धरल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणी येते, वाळवी लागते आणि कुजताना निघणाऱ्या उष्णतेने कोवळी मुळं भाजतात. खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरा, पहिल्या पावसात तो तेवढा बसतो.

खोल काळ्या जमिनीत मात्र हे सगळं विसरा. चिकण मातीत खणलेला खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूचं पाणी भुसभुशीत भरावात येऊन साठतं आणि मुळं कुजतात. तिथे चार फूट रुंद, दीड फूट उंच गादीवाफा करून त्याच्यावर लागवड करावी. कोकणात कातळावर उलट तऱ्हा: जांभा फोडल्याशिवाय मूळ खाली जात नाही, आणि फोडलेल्या खड्ड्यात बाहेरून आणलेली माती भरावीच लागते.

कलम निवडताना

मागणी फेब्रुवारी-मार्चमध्येच नोंदवा. दापोली, राहुरी, परभणी, अकोला या कृषी विद्यापीठांच्या आणि शासकीय रोपवाटिकांत चांगल्या जाती जूनपर्यंत संपतात. खासगी ठिकाणाहून घेताना परवाना पाहा, फळरोपांची विक्री १९६९ च्या कायद्याखाली येते, आणि पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या.

आंबा, चिकू, जांभूळ, सीताफळ कलमच हवं. चिकूचं खिरणीच्या खुंटावरचं, म्हणजे खाली मुळांचा भाग खिरणीचा असलेलं, घ्या. डाळिंबाचं गुटी कलम, अंजीर आणि तुतीचं छाट कलम. कागदी लिंबाला मात्र कलमाचा हट्ट नको, कारण त्याच्या बियांतून बहुतेक रोपं आईसारखीच निघतात.

कलम एक-दीड वर्षाचं, दीड-दोन फूट उंच, जोडाशी खुंट आणि फांदी सारख्या जाडीची. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी रुतलेली असेल तर ते पुढे वाऱ्यात तिथेच मोडतं. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन गोल गुंडाळली गेली असतील तर घेऊ नका. पेरू-डाळिंबाच्या मुळांवर बारीक गाठी दिसल्या, तर ते सूत्रकृमी, मुळांत राहणारे सूक्ष्म कृमी. असं एक रोप अख्ख्या जमिनीत ती कीड सोडतं आणि मग ती निघत नाही. लहान पिशवीतलं, पाच फूट उंचीचं, फळं लटकलेलं झाड दिसायला देखणं असतं, पण त्याची मुळं तेवढ्या डोलाऱ्याला पुरत नाहीत.

लावणी

देशावर मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जमीन फूटभर ओली झाली की लावावं. कोकणात एक तर जूनच्या सुरुवातीला, नाही तर थेट ऑगस्ट अखेर. जुलैच्या मुसळधार पावसात नुकतं लावलेलं कलम पाण्यात उभं राहतं. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा.

खड्डा भरल्यावर मधली खूण हरवते. त्यासाठी पाच फुटांची फळी घ्या, मध्ये एक खाच, दोन टोकांना दोन भोकं. खणण्याआधी खाच खुंटीला टेकवून टोकांना दोन खुंट्या ठोकायच्या आणि त्या तशाच ठेवायच्या. लावताना फळी पुन्हा त्यांवर बसवली की खाचेत झाडाची जागा मिळते.

पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीची हुंडी फुटू देऊ नका. पिशवी सच्छिद्र आहे म्हणून तशीच पुरायची, हा आळस झाडाला चार वर्षांनी भोवतो. हुंडीचा वरचा भाग जमिनीच्या पातळीत आला पाहिजे आणि कलमाचा जोड निदान सहा इंच वर. जोड पुरला गेला तर तिथे बुरशी लागते किंवा कलमालाच मुळं फुटून खुंटाचा उपयोग संपतो. माती हुंडीच्या कडेने दाबा, हुंडीवर पाय देऊ नका. नैऋत्येला, म्हणजे पावसाळी वारा येतो त्या बाजूला, काठी रोवा आणि सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या. पाऊस चालू असला तरी लगेच दहा लिटर पाणी घाला, ते मातीतल्या पोकळ्या बुजवतं. महिन्याने जोडावरची पट्टी कापून काढायची.

पहिलं वर्ष

बरीच कलमं हातची जातात ती खुंट वरचढ होऊन. जोडाच्या खालून फुटवा येतो, तो जोमदार असतो, पाहणाऱ्याला वाटतं झाड लागलं. दोन वर्षांनी कळतं की केसर वाळला आणि रायवळ वाढला. दर पंधरा दिवसांनी जोडाखाली बघा आणि फूट कोवळी असतानाच बोटाने मोडून टाका.

पावसाळ्यात खोडाशी पाणी साचू देऊ नका, मातीचा उतार खोडापासून बाहेर ठेवा. पाऊस संपल्यावर आळं दुहेरी करा. आतल्या वर्तुळात खोडाभोवती कोरडी माती, बाहेरच्या चरात पाणी. लिंबाला तर हे हवंच, कारण खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, होतो. ठिबक असेल तर झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर, पहिल्या वर्षी खोडापासून फूटभरावर, मग दरवर्षी बाहेर सरकवत न्यायचे. दहा वर्षांच्या झाडाला अजून खोडाशीच ड्रिपर ठिबकताना दिसतो, आणि पाणी पिणारी मुळं तोवर सहा फूट लांब गेलेली असतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर तिसऱ्या दिवशी आठ-दहा लिटर, मार्चपासून दिवसाआड १२ ते १५. आच्छादन म्हणून उसाचं पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळलेला पाला चार इंच, पण खोडापासून वीतभर लांब. नाही तर वाळवी आणि उंदीर खोडाशीच घर करतात. फेब्रुवारी संपताना नैऋत्य बाजूला चार बांबूंवर शेडनेट किंवा कोकणात झापांचा आडोसा करा. दुपारनंतरच्या उन्हानेच खोडाची साल भाजते.

पावसाआधी आणि पावसानंतर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावावं. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत, मग एकत्र करायचे. लोखंडी विळा त्यात बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी

आंब्याचा शेंडा अडीच फुटांवर खुडा आणि चार दिशांना जाणाऱ्या चार फांद्या ठेवा. तीन वर्षं मोहोर आला की काढायचा. हे कुणाला जमत नाही, आणि म्हणून चार फुटांचं झाड चार आंबे देऊन तसंच खुरटतं. आंब्याला पहिल्या वर्षी एक घमेलं शेणखत, ३०० ग्रॅम युरिया, ३०० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षी दहापट. खत पानांच्या घेराखाली चर काढून द्यावं.

पेरू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळतो आणि तिथे बहार धरायची युक्ती शिकून घ्यावी. आंबे बहाराची फुलं फेब्रुवारी-मार्चला येतात, फळं पावसाळ्यात पिकतात, पाणचट होतात आणि फळमाशीने किडतात. ती फुलं झाडून टाका, एप्रिल-मेमध्ये पाणी तोडा, जूनच्या पावसात नवी फूट येऊ द्या. मृग बहाराचा तो पेरू थंडीत तयार होतो, गोड आणि अळीविना. डाळिंबाचं गणितही पावसाशीच बांधलेलं. पावसाळ्यात फळ झाडावर असलं की तेल्या (फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग), म्हणून घरी हस्त बहार बरा. सीताफळाला उन्हाळ्यात फुलं येऊन गळतात. घाबरू नका, कोरड्या हवेत ती धरतच नाहीत, पाऊस सुरू झाला की फळं दिसू लागतात.

आंबा आणि पेरू भरायला लागले की फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा एक सापळा बागेत चार-पाच फुटांवर टांगा. किडलेली फळं झाडाखाली ठेवू नका आणि कुजवायच्या खड्ड्यातही टाकू नका. दोन फूट खोल पुरा, नाही तर त्यांतल्या अळ्या मातीत कोष करून पुढच्या आठवड्यात माश्या होऊन वर येतात. वटवाघळांसाठी सीताफळ आणि पेरूला वर्तमानपत्राच्या पिशव्या पुरतात. वानरांवर मात्र कागदाचा काही इलाज चालत नाही. ज्या गावात टोळी येते, तिथे पपई-केळी घराच्या अगदी दारात लावतात आणि लिंबू, करवंद कडेला.